दुखतंय नेमकं कुठे?

विल्यम हार्वे म्हणजे रक्त शरीरभर फिरतं हे दाखवून देणारा इंग्रज वैद्य. 1641 च्या सुमारास त्याच्यासमोर एक तरुण आला. लहानपणीच्या अपघाताने त्याच्या छातीला भोक पडलं होतं आणि त्यातून धडधडतं हृदय हाताला लागायचं. हार्वेने ते चक्क बोटांनी चाचपलं. तरुणाला पत्ताच नाही! डोळ्यांनी पाहिलं नाही, तर कुणी हृदयाला हात लावलाय हे त्याला कळतच नव्हतं.

पोटातल्या अवयवांचंही बरंचसं असंच आहे. आतड्याला कात्री लागली तरी कळ येत नाही. तेच आतडं गॅसने तटतटलं की माणूस गडाबडा लोळतो. ताण, पेटका, सूज, रक्त न पोचणं, एवढ्यालाच हे अवयव कळवळतात. त्यातही दुखण्याचा पत्ता धड सांगत नाहीत. गर्भाशय, मूत्राशय आणि मोठं आतडं यांचे संदेश मज्जारज्जूत शिरतात तेव्हा अनेकदा त्याच त्या पेशींवर येऊन पोचतात. वाड्यात बिऱ्हाडं चार आणि दारावर घंटा एकच. वाजली की पाहुणा कुणाकडे आला ते कळू नये, तसं हे. म्हणून तर पाळीच्या कळांबरोबर लघवीची जळजळ, शौचाच्या वेळची कळ, कंबर-मांडीतला ठणका असं सगळं एकदम येतं, आणि बाई एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहते.

एंडोमेट्रिओसिसचंच बघा. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर भलतीकडे वाढतं: बीजकोशावर, आतड्यावर, क्वचित छाती-पोटामधल्या पडद्यावरही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे 19 कोटी बायका-मुलींना हा आजार आहे. गंमत अशी, की आजार किती पसरलाय यावरून दुखणं किती ते ठरत नाही. दुर्बिणीतून दोन-चार ठिपके दिसणारी मुलगी अंथरुणाला खिळलेली असते, आणि कधी खूप पसरलेला आजार असूनही फारसं दुखत नाही. सोनोग्राफी तर कित्येकदा स्वच्छ येते. ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की थांबेल’ या सल्ल्याने किती वर्षं वाया घालवली असतील!

1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ या संशोधकाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जू स्वतःच जास्त संवेदनशील होतो. सहा महिन्यांहून जास्त टिकलेल्या ओटीपोटाच्या दुखण्यात हे बऱ्याचदा घडतं. मूळ कारण शमलं तरी साधा स्पर्श, भरलेलं मूत्राशय, शरीरसंबंध, सगळंच दुखू लागतं. याला मनाचे खेळ म्हणणं म्हणजे निव्वळ अज्ञान.

भरीला ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. श्वास घेतला की ते अलगद खाली जातात, सोडला की वर येतात; आपल्याला याची दादही नसते. दुखण्याच्या धास्तीने ते आवळून बसले की आवळणंच दुखू लागतं. पुरुषांनाही हे चुकलेलं नाही. प्रोस्टेटची सूज म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स चालतात, पण त्यातल्या बहुतेकांत जंतू सापडतच नाहीत. आर्नल्ड किगल यांनी 1948 मध्ये सांगितलेले आवळण्याचे व्यायाम सैल स्नायूंसाठी उत्तम. आधीच आखडलेल्यांना मात्र त्यांनी त्रास वाढू शकतो. तिथे आधी सैल सोडायला शिकावं लागतं, तेही या स्नायूंची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून.

एकट्या डॉक्टरने हे सहसा निभत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओ, वेदनातज्ज्ञ, गरज पडली तर समुपदेशक, असे चौघे लागतात. गोळ्या आणि शेक आहेतच. जाताना वहीत टिपून न्यावं: कधी दुखलं, पाळीचा कितवा दिवस, लघवी-शौचाच्या वेळी काय झालं, झोप लागली का, कामावर खाडा पडला का. घरच्या कुणी सोबत जावं आणि ‘सहन होत नाही हिला’ असं मध्येच बोलू नये. ताप, अचानक असह्य कळ, लघवी अडकणं, दिवस राहिल्याची शक्यता किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव असेल, तर वही राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा.