डायलिसिस घरी? होय, पण सिस्टर हव्यातच

आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी जायचं, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहायचं आणि घरी परतल्यावर गळून जायचं. किडनी निकामी झालेल्यांच्या घरात आठवडा असाच जातो. मशीन पैसे टाकून आणता येतं. ते चालवणारे टेक्निशियन आणि सिस्टर मात्र पुरेशा मिळत नाहीत. रुग्णाने घरीच, मशीनशिवाय डायलिसिस करून काही भार स्वतः उचलला तर ही ओढाताण कमी होते. पण हा विषय निघाला की आधी शंकाच पुढे येतात.

पहिली शंका म्हणजे, मशीनशिवाय रक्त शुद्ध कसं होणार? होतं. पोटाच्या पोकळीला आतून पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं, आणि गाळणीचं काम तेच करतं. छोट्या शस्त्रक्रियेने पोटात एक नळी बसवतात. साधारण दोन लिटर द्रवाची पिशवी सलाइनसारखी उंच टांगायची आणि द्रव पोटात सोडायचा. चार-सहा तासांत रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरतं. मग तो खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत काढून घ्यायचा. दिवसाला बहुधा अशा चार खेपा, प्रत्येकीला अर्धा तास. वीज लागत नाही. मशीनवरच्या एका डायलिसिसला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, ते इथे लागत नाही. पोटाच्या डायलिसिसचं हे तंत्र १९७६ पासूनचं आहे.

ही गरिबांसाठीची तडजोड आहे, असंही म्हणतात. पण हाँगकाँगसारख्या श्रीमंत शहराने १९८५ पासून सरकारी रुग्णालयांत पोटाच्या डायलिसिसलाच पहिली पसंती दिली आहे.

जंतुसंसर्गाची भीती मात्र खरी आहे. म्हणून खेपेआधी दार लावायचं, पंखा बंद करायचा, मास्क लावायचा, हात नीट धुवायचे. बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी छापील कागदावर धरायची. अक्षरं वाचता आली तर ठीक. द्रव गढूळ दिसला तर ती पिशवी घेऊन लगेच हॉस्पिटल गाठायचं. यात पदवी लागत नाही, शिस्त लागते.

यंत्र आलं की सिस्टरची गरज संपते, हा सगळ्यात घातक गैरसमज. आणि तो खर्च वाचवू पाहणाऱ्यांना फार आवडतो! रात्री झोपेत आपोआप द्रव भरणारं-काढणारं सायकलर मशीन मिळतं. काही मशीन नोंदी थेट हॉस्पिटलला पाठवतात. पण त्या नोंदी वाचून फोन करायला माणूस लागतोच. आठवडा-दोन आठवडे रुग्णाला शिकवायचं, घरची जागा बघायची, ही कामंही सिस्टरचीच. फरक एवढाच, की एका पाळीत चार-पाच मशीन सांभाळणाऱ्या सिस्टर इथे वीसेक रुग्णांकडे लक्ष देऊ शकतात.

सगळ्यांना हे जमत नाही. पोटाच्या जुन्या मोठ्या शस्त्रक्रिया, अधू नजर, थरथरते हात या अडचणी आहेतच. शिवाय महिन्याला १२० पिशव्या, म्हणजे जवळपास अडीचशे किलो माल! एका खोलीच्या घरात तो ठेवायचा कुठे?

केंद्र सरकारची डायलिसिस योजना २०१६ पासून सुरू आहे आणि २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. तेव्हा डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढलं, की मशीनवरच्या डायलिसिससाठी हातावर फिस्च्युला (रक्तवाहिन्यांचा जोड) करून घेण्याआधी विचारा: पोटाचा डायलिसिस मला चालेल का, आणि तो शिकवणारी सिस्टर इथे आहे का?