एकचाकी सायकल (लेखांक ७) : मोटारींच्या रस्त्यावर

एकचाकी सायकलला फ्रीव्हील नसते. पॅडलचे दांडे, म्हणजे क्रँक, थेट चाकाच्या हबला बसवलेले असतात, त्यामुळे पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. चाक फिरते तोवर पाय फिरतात. उतारावर पाय आवरून घरंगळत जाणे, सिग्नल लाल झाला की पॅडल मारायचे थांबून वेग आपोआप उतरू देणे, एक पाय टेकवून उभे राहणे या नेहमीच्या सायकलवर अंगवळणी पडलेल्या सोयी इथे मिळत नाहीत. मोटारींच्या रस्त्यावर एकचाकी चालवण्याची जवळजवळ सगळी पथ्ये या बांधणीतून निघतात.

त्यातले सर्वांत महत्त्वाचे पथ्य थांबण्याचे आहे. तळहातावर काठी उभी धरून चालणाऱ्याला मध्येच थांबायचे झाले, तर हात आधी किंचित पुढे न्यावा लागतो. काठीचा शेंडा मागे झुकला तरच ती हाताबरोबर थांबते, नाहीतर पुढे पडते. एकचाकीवर स्वाराचे शरीर हीच काठी असते. वेग कमी करायचा तर शरीराचा भार चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या मागे जायला हवा, आणि तो मागे जाण्यासाठी चाक क्षणभर पुढे काढावे लागते. म्हणजे थांबण्याची सुरुवात वेग थोडा वाढवून होते. त्यानंतर वर येणाऱ्या पॅडलवर उलटा दाब देत वेग मोडता येतो. या सगळ्याला वेळ लागतो आणि अंतरही लागते. सायकलस्वार ब्रेक दाबून निभावून नेतो ती वेळ एकचाकीस्वाराला निभावता येत नाही. त्याला निर्णय आधी घ्यावा लागतो.

काही एकचाक्यांना ब्रेक असतो. पूर्वी रिमवर दाब देणारे हायड्रॉलिक ब्रेक वापरात होते, नंतर डिस्क ब्रेकही आले. त्याची मूठ सीटच्या पुढच्या कडेखाली असते. पण हा ब्रेक थांबण्यासाठी नव्हे, लांब उतारावर गुडघ्यांवरचा ताण हलका करण्यासाठी असतो. हलका धरून ठेवला तर तो उपयोगी पडतो, घाबरून आवळला तर चाक जागच्या जागी अडते आणि स्वार पुढे फेकला जातो.

अचानक काही आडवे आले, तर हाताशी एकच खात्रीचा उपाय उरतो : पुढे उडी टाकून पायांवर उतरणे आणि चार पावले पळत वेग जिरवणे. या उतरण्याचा हिशेब वेगाशी बांधलेला आहे. २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर जाते, ३६ इंची चाक सुमारे २.८७ मीटर. मिनिटाला १०० फेरे धरले, तर पहिल्याचा वेग तासाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास आणि दुसऱ्याचा १७ किलोमीटरच्या आसपास येतो. तासाला १७ किलोमीटर म्हणजे १०० मीटर २१ सेकंदांत. अंगात चपळाई असलेला प्रौढ माणूस इतके पळू शकतो, म्हणून या वेगाला पायांवर उतरणे शक्य असते. २५ किलोमीटर म्हणजे १०० मीटर साडेचौदा सेकंदांत, आणि तेही पहिल्याच पावलापासून. अशा वेगाला बहुतेकांचे पाय मागे पडतात आणि तळहात, कोपर, गुडघे पुढे येतात. स्वतःला जितके पळता येते त्यापेक्षा जोरात रहदारीत न जाणे, ही मर्यादा कोणत्याही पाटीवरच्या वेगमर्यादेपेक्षा खरी मानावी.

२० इंची चाक शिकण्यासाठी आणि कसरतींसाठी ठीक. सर्कशीच्या रिंगणात प्रेक्षकांनी पाहिलेली एकचाकी साधारण याच जातीची. रस्त्यावर मात्र ती फार सावकाश जाते आणि छोट्या खड्ड्यातही अडखळते. रस्त्यासाठी २९ किंवा ३६ इंची चाक बरे. ३६ इंची चाकाला अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील कोकर या टायर कंपनीमुळे १९९० च्या दशकाच्या शेवटी चालना मिळाली, आणि इंग्रजीभाषक स्वार पुढे बरीच वर्षे या आकारालाच 'कोकर' म्हणत राहिले. २००८ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात तीन-तीन एकचाकीस्वारांच्या संघांची सुमारे ८०० किलोमीटरची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली. इंग्लंडच्या एड प्रॅटने २०१५ ते २०१८ या काळात केलेली पृथ्वीप्रदक्षिणाही ३६ इंची चाकावरचीच. मोठ्या चाकाचा रहदारीतला आणखी एक फायदा म्हणजे उंची. ताठ बसलेल्या स्वाराचे डोळे मोटारींच्या टपांच्या वर असतात, त्यामुळे पुढच्या दोन-तीन गाड्यांपलीकडचे दिसते. ज्याला उशिरा थांबता येते त्याला लवकर दिसणे किती मोलाचे, हे सांगायला नको. उलट बाजूने, मोठे चाक वळवायला, जागच्या जागी डोलवत ठेवायला आणि पुन्हा चढायला अवघड. क्रँकची लांबी हा इथला तडजोडीचा मुद्दा आहे. लांब क्रँकने जोर आणि ताबा मिळतो, आखूड क्रँकने वेग. गर्दीच्या रस्त्यावर १५० मिलिमीटरच्या आसपासचा क्रँक शहाणपणाचा. १०० मिलिमीटरचा क्रँक मोकळ्या सपाट रस्त्यासाठी राखून ठेवावा. स्विस बनावटीच्या श्लुम्फ हबमध्ये टाचेने बटण दाबून बदलता येणारा गिअर असतो, त्यात एका पॅडलफेऱ्याला चाक दीड फेऱ्याहून थोडे जास्त फिरते. वर दिलेला पळण्याचा हिशेब लक्षात घेतला, तर रहदारीत तो गिअर टाकण्याचे कारण उरत नाही.

रस्त्यावर जागा कुठे धरायची? (डाव्या बाजूने वाहने चालणारे देश इथे गृहीत आहेत, उजवीकडच्या देशांत सगळे उलट.) नवखा स्वार लाजून अगदी डाव्या कडेला जातो, आणि ती जागा सर्वांत वाईट असते. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. या उतारावर चाक एका बाजूला वळू पाहते आणि स्वाराला कंबर पिळून ते सरळ धरावे लागते, थोड्या वेळात पाठ दुखू लागते. टायर रुंद आणि हवा कमी असेल तर हा ओढा आणखी जाणवतो. शिवाय खडी, काचा, गटारांच्या जाळ्या सगळ्या कडेलाच. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत वेगवान रहदारीत सायकलस्वारांना कडेपासून किमान अर्धा मीटर अंतर सांगितले आहे, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने त्यांना ओलांडणाऱ्या मोटारीला किमान दीड मीटर. एकचाकीला याहून थोडे जास्तच हवे, कारण प्रत्येक पॅडलबरोबर चाक डावी-उजवीकडे थोडे नागमोडी जाते आणि मोठा ट्रक शेजारून गेला की हवेच्या धक्क्याने तोल हलतो. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दरवाजाच्या रुंदीइतके, म्हणजे साधारण मीटरभर, लांब राहावे. उघडलेला दरवाजा चुकवण्यासाठी लागणारे झटपट वळण एकचाकीवर घेता येईल, हा भरवसा कोणी धरू नये.

खड्डा किंवा गतिरोधक टाळता येत नसेल, तर त्यावर चाक पोचताना क्रँक आडवे असावेत. क्रँक उभे, म्हणजे एक पॅडल वर आणि एक खाली, असताना पायांचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही आणि त्या क्षणी बसलेला धक्का थेट पुढे पाडतो. सीटवरचा भार किंचित पॅडलवर घ्यावा, वेग मात्र पार मोडू नये. पावसात रंगाचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि रूळ यांवर वळण घेऊ नये. रूळ काटकोनातच ओलांडावेत. एकच चाक जमिनीवर असल्यामुळे ते घसरले की सावरायला दुसरे नाही.

खरी कसोटी चौकात लागते. लाल सिग्नलपाशी तोल धरून राहण्याची एक रीत म्हणजे पॅडल अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे करत डोलत राहणे. दिसायला ती छान, पण मागे मोटार चिकटून उभी असेल तर ती रीत वापरू नये, कारण मागे येण्याची जागा आधीच भरलेली असते. खांब किंवा कठडा हाताशी असेल तर त्याला धरून सीटवर थांबता येते. दोन्ही नसेल तर उतरावे. आणि उतरल्यावर हिरवा दिवा लागताच मोटारींच्या पुढ्यात पुन्हा चढण्याचा प्रयत्न करणे हा एकचाकीवरचा सर्वांत मोठा अविचार. चढणे फसले की सीट हातातून निसटते आणि चाक कुठेही जाते, कधी थेट शेजारच्या रांगेत. फूटपाथवर यावे, पादचाऱ्यांसाठीच्या पट्ट्यांवरून चालत चौक ओलांडावा, पलीकडे रहदारीत अंतर पडले की चढावे. दोन मिनिटे जातात. रोजच्या वाटेवर पाच सिग्नल असतील, तर वाटच बदलणे बरे. उतरताना सीट एका हाताने पकडण्याची सवय याचसाठी लावून घ्यायची असते : स्वार पुढे उतरला की सायकल मागे पडते, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली.

डावीकडे वळणाऱ्या मोटारीच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. उजवीकडे वळायचे तर मागे पाहावे लागते आणि इथे नवखे गडबडतात, कारण मान फिरली की खांदे, खांद्यांमागून कंबर, कंबरेमागून चाकही त्याच बाजूला वळते. हे मोकळ्या मैदानावर एका पांढऱ्या रेषेवर घोटून बसवावे. हेल्मेटला लावायचा छोटा आरसा मदत करतो, पण मान वळवण्याची जागा घेत नाही.

हाताने इशारा देण्यातही एक गोची आहे. एकचाकीस्वाराचा एक हात सीटच्या मुठीवर आणि दुसरा तोल सांभाळायला हवेत असतो. मागच्या चालकाला तो हलता हात वळण्याचा इशारा वाटू शकतो. म्हणून हात शक्यतो अंगाजवळ ठेवावेत आणि खरा इशारा द्यायचा तेव्हा हात पूर्ण ताठ, खांद्याच्या उंचीवर, दोन-तीन सेकंद धरावा.

मोटारचालकांचे वागणे हा वेगळाच विषय. सायकल दिसली तर चालक दुर्लक्ष करतो, एकचाकी दिसली तर बघत राहतो. कोणी कौतुकाने हॉर्न वाजवतो, कोणी शेजारून गाडी हळू करून मोबाइलवर चित्रण घेतो, दुसरे चाक कुठे हरवले हा विनोद तर जगभर सारखाच. या कुतूहलाचा फायदा असा की स्वार नजरेतून सुटत नाही. तोटा असा की चालकाचे लक्ष रस्त्यावरून उडते, आणि त्याला या वाहनाच्या वेगाचा अंदाज नसतो. खेळण्यातली गोष्ट समजून तो समोरून वळून जातो. हात हलवून उत्तर देण्याचा मोह आवरावा. शेजारून रेंगाळणारी गाडी पुढे जाईपर्यंत वेग कमी ठेवावा, शर्यत करू नये.

रात्रीच्या दिव्यांची अडचण अशी की ते लावायला हॅंडल नसते. मागचा लाल दिवा सीटच्या मागच्या कडेखाली बसतो. पुढचा दिवा फ्रेमवर लावला तर चाकाबरोबर डुलतो, म्हणून रस्ता पाहण्यासाठी हेल्मेटवरचा दिवा सोयीचा. घोट्यांभोवती प्रकाश परावर्तित करणारे पट्टे जरूर बांधावेत. खाली-वर होणारे दोन ठिपके पाहून कोणीतरी पॅडल मारते आहे, हे चालकाच्या चटकन ध्यानात येते. हेल्मेटबरोबर मनगटांचे रक्षक आणि गुडघ्यांचे पॅड हवेत, कारण पुढे पडणारा माणूस तळहात टेकतोच. बुटांच्या नाड्या आत खोचाव्यात. मोकळी नाडी क्रँकमध्ये अडकली तर पाय सोडवून उतरताच येत नाही.

कायद्याने एकचाकी म्हणजे काय, याचे उत्तर देशागणिक बदलते. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारात सायकलच्या व्याख्येतच किमान दोन चाके सांगितली आहेत. जर्मनीनेही आपल्या नियमांत तीच व्याख्या घेतली, आणि तिथे एकचाकी रोलर स्केट्सच्या पंगतीत, म्हणजे पादचाऱ्यांच्या जागेत, जाऊन बसते. न्यूयॉर्क शहराच्या फूटपाथवरील सायकलबंदीतही सायकल म्हणजे दोन किंवा तीन चाकांचे वाहन. ब्रिटनमध्ये सायकलला ब्रेक सक्तीचे आहेत, पण साखळी वा गिअर मध्ये न घालता पॅडल थेट चाकावर चालत असतील, तर त्या नियमातून सूट मिळते. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीवर चालणारे वाहन, त्यामुळे एकचाकीला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. सायकलींना बंदी असलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र तिला वाट मिळेल, अशी कल्पना कोणी करू नये. आणि जिथे फूटपाथवर जाण्याची मुभा आहे, तिथे वेग चालण्याइतकाच ठेवावा लागतो. त्या वेगाला ३६ इंची चाक सांभाळणे कठीण, म्हणून तिथे उतरून सायकल हाताने ढकलत नेणेच सोपे पडते.