वार्ताहर होतो, आता बियाणं विकतो

सकाळी ६. दारात अजून चार पेपर पडतात. पूर्वी आधी पाहायचो ते आपली बातमी किती कापली आणि दुसऱ्याकडे कोणती जास्तीची लागली. आता बाजारभाव आणि पाऊस. दिवाळी तोंडावर आहे, म्हणून पानं शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरलेली. त्या कशा गोळा होतात ते मला ठाऊक आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं मिळतं, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. सकाळी ज्याच्या दुकानासमोरच्या नालीची बातमी, दुपारी त्याच्याचकडे क्वार्टर पान मागायला जायचं. ‘पत्रकारिता सोडून मार्केटिंगला गेला’ असं मलकापुरात कोणी म्हटलं की म्हणून हसू येतं. मार्केटिंग तेव्हाही करत होतो, पगार तेवढा आता मिळतो.

८ वाजता मोताळ्याच्या रस्त्याला लागतो. पऱ्हाटी फुटायला लागलीय. एका वावरात पहिल्या वेचणीआधी सीतादहीचा दहीभात वाहणं चाललं होतं, ते होईपर्यंत बांधावर थांबलो. मग शेतकऱ्यानं गाठलंच. “२०१७ साली आमची बोंडअळीची बातमी तुमीच लावली होती ना भाऊ? अन् आता बॅगा विकता?” त्यानं हे पाच माणसांदेखत विचारलं. मी म्हटलं, चला, बोंडं फोडू. एकरी २० हिरवी बोंडं फोडून पाहावीत, शंभरात दहा किडलेली निघाली तर फवारणी घ्यावी, एवढं गणित तेव्हा बातमीसाठी शिकलो होतो. आमच्या वाणाची फोडली, शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या दुसऱ्या कंपनीचीही फोडली. साहेबांना हे आवडत नाही. पण दुसरी बाजू विचारायची खोड जात नाही, आणि खरं सांगायचं तर धंद्यालाही ती मारक नाही. एकच बाजू सांगणाऱ्याला वावरात कोणी दुसऱ्यांदा बसवून घेत नाही.

११ ते २ कृषी सेवा केंद्रं. या कामात बुद्धीपेक्षा चिकाटी लागते, कारण निम्मं काम वसुलीचं. बीटी कपाशीच्या पाकिटाचा कमाल दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५च्या खरिपात ४७५ ग्रॅमच्या बीजी-२ पाकिटाला तो ९०१ रुपये होता. त्याच्या वर कोणालाच जाता येत नाही. मग स्पर्धा उरते ती दुकानदाराच्या मार्जिनची, त्याच्या सहलीची आणि गावात पसरणाऱ्या बोलण्याची. शेतकरी पाकिटावरचं चित्र पाहत नाही, मागच्या साली शेजाऱ्याला किती क्विंटल झाला ते विचारतो.

दुपारी यशोगाथा लिहितो. मथळा, दोन परिच्छेद, फोटो. उताऱ्याच्या आकड्यापुढे ‘ओलिताखाली’ हा शब्द मी घालतो, वरून तो काढला जातो, मी पुन्हा घालतो. कोरडवाहूवाल्यानं तो आकडा आपला समजू नये, एवढाच हट्ट.

संध्याकाळचे ६ ही वेळ आधी माझी नव्हतीच. बातम्या पाठवायच्या, वीज गेली तर कोणाच्या तरी दुकानात बसून पाठवायच्या. माझ्याआधीची पिढी तर बातम्यांचं पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. आता मुलीला घेऊन रेल्वे स्टेशनाकडे जातो. मुंबई–हावडा मार्ग असल्यानं मालगाड्यांना तोटा नाही. ती डबे मोजते, मध्येच चुकते आणि दोष मला देते. येताना वांगी घ्यायची. खानदेश इथून हाकेवर, त्यामुळे घरी भरीत आणि कळण्याची भाकरी. बायको म्हणते, लग्नानंतर इतकी वर्षं तू गरम जेवलाच नव्हतास. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

पेपरची माणसं तुटली नाहीत. ६ जानेवारीला, १८३२ साली ‘दर्पण’ निघाला त्या दिवशी, पत्रकार दिनाला मला अजून बोलावतात. मागच्या वेळी बॅनरच्या खालच्या पट्टीत आमच्याच कंपनीचं नाव होतं.

रात्री साडेनऊला फोन. “भाऊ, डीपी जयली, चार रोज झाले. बातमी लावा ना.” मी पेपरात नाही, हे त्याला माहीत आहे. “मले मालूम हाये, पन तुमी लिहून देता ना.” गाव, किती पंप बंद, महावितरणकडे अर्ज कधी दिला, एवढं विचारून चार ओळी आता तालुका पाहणाऱ्या पोराला पाठवल्या. त्यानं लगेच मथळा मागितला. मी विचारलं, दिवाळीच्या जाहिराती किती झाल्या? टार्गेटच्या निम्म्या, म्हणाला. दोन दुकानदारांचे नंबर दिले आणि बजावलं, आधी डीपीची बातमी लाव.