महायुद्धांतली मुंबई गोदी: फोटोत आणि आज

महायुद्धांच्या काळी खानदेशातून मुंबई बंदराची मुख्य वाट रेल्वेची होती: धुळ्याहून शाखामार्गाने चाळीसगाव, जळगावहून थेट, पुढे मनमाड-देवळालीवरून मुंबई. या वाटेने बंदरात पोचलेल्या सैनिकांचा जुना फोटो हाती आला, तर हे पाहा:

● अलेक्झांड्रा गोदी: १९१४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ११७ वी मराठा पलटण मुंबई बंदरातून मेसोपोटेमियाकडे निघाली. आज ही इंदिरा गोदी.

● बॅलार्ड इस्टेट: अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेल्या भरावावर १९१४ ते १९१८ दरम्यान वसवली. त्यामुळे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या फोटोंत आजच्या दगडी कचेऱ्या शोधू नका.

● बॅलार्ड पिअर: इथल्या मोल स्टेशनात आगगाडी थेट धक्क्यापर्यंत येई. स्टेशन गेलं, आता क्रूझ टर्मिनल आहे.

● व्हिक्टोरिया गोदी: १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट इथेच झाला. पुढे ही गोदी बुजवली गेली.

● काळ ओळखण्याची खूण: ताजमहाल हॉटेल १९०३ चं, म्हणून दोन्ही महायुद्धांच्या फोटोंत दिसू शकतं. गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन १९२४ चं. किनाऱ्यावर पूर्ण कमान दिसली, तर फोटो पहिल्या महायुद्धातला नाही.