डिझेल पिकअप गाडीची ओढ आणि इंधनाचा खर्च

अमेरिकेतील शेतकऱ्याच्या वाड्यात ट्रॅक्टराच्या खालोखाल ज्या वाहनाला मान असतो ते म्हणजे पिकअप. पुढे माणसांना बसावयास केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याच्या शेवटी ट्रेलर अडकविण्याचा आकडा, अशी तिची रचना असते. महाराष्ट्रात पिकअपच्या पाठीवर माल लादण्याची रीत आहे. तिकडे पाठीवर थोडा माल घेऊन मागे मोठा ट्रेलर जोडतात आणि त्यावर गुरे, वैरणीच्या गाठी, प्रसंगी प्रत्यक्ष ट्रॅक्टरही चढवितात. साहजिकच तेथील गिऱ्हाईक दुकानात शिरताच दोन प्रश्न विचारतो : गाडी किती ओढते, आणि किती तेल पिते ? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच गाडीत क्वचितच सापडतात. असे का होते हे समजून घेणे, जो शेतकरी आपल्या मालासाठी पिकअप घेण्याच्या विचारात आहे त्यालाही उपयोगाचे आहे.

ओढीची शर्यत १९८९ मध्ये सुरू झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन बसविले. त्याची शक्ती १६० अश्वशक्ती व टॉर्क, म्हणजे आस पिळण्याचा जोर, ५४२ न्यूटन-मीटर होता. पुढे फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्यांनीही कंबर कसली. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्यूटी गाडीच्या ६.७ लिटर इंजिनाचा जोर १,६२७ न्यूटन-मीटरपर्यंत गेला, आणि त्या मालिकेतील सर्वांत दणकट गाडीस सुमारे १८ टन ओढण्याची मुभा कंपनीने दिली. त्याच सुमारास कमिन्स इंजिनाच्या रॅम गाडीचा आकडा १,४५८ न्यूटन-मीटर व १६.८ टन, आणि जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्सचा १,३२२ न्यूटन-मीटर व १६.३ टन असा होता. चौतीस वर्षांत जोर तिप्पट झाला. शेतकऱ्याच्या ट्रेलरवरील गुरे काही तिप्पट झाली नाहीत.

येथे जोर आणि शक्ती ह्यांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण जाहिरातीत ह्यांचीच गल्लत अधिक होते. उभी, लादलेली गाडी जागची हलविताना इंजिन सावकाश फिरत असते; त्या वेळी कमी फेऱ्यांत जितका जोर मिळेल तितका क्लच वाचतो. डिझेलचा खरा गुण हाच. परंतु घाटाचा लांब चढ एका वेगाने चढताना जोर व फेरे ह्यांचा गुणाकार, म्हणजे अश्वशक्ती, कामास येते. उदाहरणार्थ, गाडी आणि ट्रेलर मिळून ८ टन वजन ५ टक्के चढावर ताशी ६४ किलोमीटर वेगाने न्यावयाचे असल्यास केवळ वर चढविण्यासाठी सुमारे ९४ अश्वशक्ती खर्च होते. वाऱ्याचा विरोध व चाकांचे घर्षण धरले तर हा आकडा १३० च्या आसपास जातो. आता अडीचशे अश्वशक्तीची गाडी घेतली काय आणि पावणेतीनशेची घेतली काय, हे काम दोन्ही करतील. फरक पडतो तो इंजिन थंड राखण्याच्या व्यवस्थेत, गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये. आणि नेमक्या ह्याच गोष्टी मोठ्या अक्षरांत छापल्या जात नाहीत.

प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दावे एकाच तराजूत तोलण्याची कल्पना शेतीच्याच क्षेत्रातून आलेली आहे. जाहिरातीप्रमाणे न चालणारे ट्रॅक्टर पदरी पडलेला विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि त्याच्या पुढाकाराने १९१९ मध्ये असा कायदा झाला की, त्या राज्यात विकावयाच्या ट्रॅक्टराची विद्यापीठाकडून चाचणी व्हावी व निकाल प्रसिद्ध व्हावा. पिकअपच्या बाबतीत मात्र ज्याने त्याने आपलाच गज वापरावा अशी स्थिती पुढे पुष्कळ वर्षे राहिली. अखेर २००८ मध्ये मोटार अभियंत्यांच्या एसएई ह्या संस्थेने जे २८०७ हे मानक प्रसिद्ध केले. २०११ च्या गाड्यांसाठी टोयोटाने ते प्रथम स्वीकारले व त्यात तिचा स्वतःचा जाहीर आकडा खाली आला. अमेरिकेतील तीन मोठ्या कंपन्या २०१५ च्या सुमारास त्या वाटेस लागल्या.

ह्या मानकातील कसोट्या कोणाही गाडीवानास पटतील अशा आहेत. ॲरिझोना राज्यात डेव्हिस डॅमजवळ सुमारे १८ किलोमीटरचा चढ आहे. पायथ्याशी किमान ३८ अंश सेल्सिअस उष्मा असताना, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह हा चढ चढावयाचा; मागे एकेरी चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. सपाटीवर उभ्या स्थितीतून तीस सेकंदांत ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठावयाचा. शिवाय १२ टक्के उतरणीवर उभी गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुढे चढवावयाची, आणि तसेच पाच वेळा मागे. बाजाराच्या दिवशी चढावर गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या चालकास ह्या शेवटच्या कसोटीचे मोल सांगावयास नको.

मानक आले तरी माहितीपत्रकातील मोठा आकडा डोळे झाकून घेण्याजोगा होत नाही. ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा आकड्यावर, म्हणजे पिकअपच्याच पाठीवर येतो. ट्रेलर ५ टनांचा असेल तर ५०० किलो तेथेच गेले. मध्यम पिकअपच्या हौद्याची क्षमता पुष्कळदा ७०० ते ८०० किलो असते. त्यातून चालक, घरची माणसे व हत्यारे वजा केली म्हणजे काय उरते ते ज्याने त्याने पाहावे.

खरी चुरस ह्याच मध्यम पिकअपमध्ये झाली, आणि तेथे इंधनाचा प्रश्न पुढे आला. तीन लिटरच्या डिझेल इंजिनाची रॅम १५०० गाडी २०१४ पासून, फोर्डची एफ-१५० २०१८ पासून व शेव्रोलेची सिल्व्हराडो २०२० पासून बाजारात आली. २०२० च्या गाड्यांची तुलना करता, रॅम ६५१ न्यूटन-मीटर जोर देई व अधिकात अधिक ५,७०० किलो ओढी; फोर्ड ५९७ न्यूटन-मीटर व ५,१७० किलो; शेव्रोले ६२४ न्यूटन-मीटर, पण ओढ फक्त ४,२२० किलो. महामार्गावरील सरकारी चाचणीत दुचाकी ओढीच्या, म्हणजे केवळ मागील चाके चालणाऱ्या, गाड्यांनी लिटरमागे अनुक्रमे सुमारे १३.६, १२.७ व १४ किलोमीटर दिले. म्हणजे ओढीत जी मागे तीच ॲव्हरेजमध्ये पुढे.

ह्यातील मेख मागच्या आसाच्या दात्यांत आहे. रॅम गाडी मागील आसाच्या ३.२१ पासून ३.९२ पर्यंत निरनिराळ्या प्रमाणांत मिळे. प्रमाण मोठे असले म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनास अधिक फेरे घ्यावे लागतात. ओढ वाढते, तेलही वाढते. माहितीपत्रकाच्या एका पानावर ५,७०० किलोंची ओढ व दुसऱ्या पानावर १३.६ किलोमीटर छापलेले असले तरी ती एकच गाडी नव्हे. हे दोन आकडे मनात जोडून गाडी घेणारा गिऱ्हाईक फसतो, आणि विक्रेता खोटे बोलला असेही म्हणता येत नाही.

शिवाय ॲव्हरेजची सरकारी चाचणी ट्रेलर न जोडता होते. मागे उंच, जड ट्रेलर लागला म्हणजे तो आकडा निम्म्यापर्यंत उतरू शकतो. आणि गाडीचे भारासह कमाल वजन ३,८५६ किलोंहून अधिक असेल तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ॲव्हरेजची चिठ्ठी लावण्याचे बंधनच नाही. १६ व १८ टन ओढणाऱ्या ज्या गाड्यांचा वर उल्लेख आला त्यांचा इंधनखर्च म्हणूनच सरकारी तक्त्यात सापडत नाही. जेथे सर्वांत जास्त तेल जळते तेथेच माप नाही, हे विचित्र खरे.

डिझेल कमी लागते ह्याची कारणे सरळ आहेत. त्याच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा दशांशाहून थोडी अधिक उष्णता असते. इंजिनात हवा अधिक दाबली जाते. आणि हवेचा मार्ग आवळून शक्ती कमी करण्याची गरज नसते. पेट्रोल गाडी लिटरमागे ८.५ व डिझेल गाडी ११ किलोमीटर जाते असे धरल्यास २५,००० किलोमीटरमागे सुमारे ६७० लिटर वाचतात. वर्षात ८,००० किलोमीटरच फिरणाऱ्यास हीच बचत साधण्यास तीन वर्षे लागतील, आणि इंजिनाची जादा किंमत तर पहिल्याच दिवशी मोजावी लागते. अमेरिकेत शेतातील यंत्रांसाठी रस्त्याच्या कराविना लाल रंगाचे डिझेल मिळते. तेच पिकअपमध्ये भरून रस्त्यावर आल्यास किमान एक हजार डॉलर दंड आहे.

बचतीची दुसरी बाजूही ह्याच चुरशीत उघड झाली. २०१४ ते २०१६ मधील रॅम व जीप मिळून एक लाखाहून अधिक डिझेल गाड्यांत धूर आवरणारी यंत्रणा चाचणीत एक व रस्त्यावर दुसरे वागते, असा आरोप अमेरिकन सरकारने केला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने ३०.५ कोटी डॉलरचा दिवाणी दंड मान्य केला, आणि २०२२ मध्ये फौजदारी खटल्यात गुन्हा कबूल केला. फोर्डने आपली मध्यम डिझेल पिकअप २०२१ मध्ये व रॅमने २०२३ च्या प्रारंभी बंद केली.

आजच्या डिझेल गाडीत धूर गाळणारी जाळी असते आणि पुष्कळ गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ नियम लागू झाल्याने ही यंत्रणा गावोगाव आली आहे. ह्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी निर्मळ पाणी असते. खताच्या गोणीतील युरिया घरी पाण्यात विरघळवून टाकीत ओतणे म्हणजे महागडी यंत्रणा हाताने बिघडविणे होय. ग्रामसेवकांनी हे आवर्जून सांगावे. तसेच घर ते शेत अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपांत जाळी पुरती तापत नाही व काजळीने तुंबते. अशा गाडीस अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास चालवावे.

महाराष्ट्रातील मालवाहतुकीस आणखी एक विशेष आहे. नाशिक वा जुन्नरकडील कांदा व भाजीपाला मुंबईस जातो तेव्हा भरलेली गाडी कसारा किंवा माळशेज घाट उतरते, आणि चढते ती रिकामी. येथे ओढीपेक्षा ब्रेकचा कस लागतो. डिझेल इंजिन उतारावर पेट्रोलइतके आपणहून गाडी आवरीत नाही. म्हणून अमेरिकेतील जड पिकअपमध्ये धुराची वाट आवळून वेग रोखणारा निराळा ब्रेक बसवितात. ज्या गाडीत तो नसेल तिच्या चालकाने, ज्या गिअरात घाट चढला असता त्याच गिअरात उतरावे. कोकणातून आंबा घेऊन फोंडा वा आंबा घाट चढणाऱ्याचे गणित अर्थात उलटे आहे. त्याने मोठ्या प्रमाणाचा आस असलेली गाडी पाहावी.

ॲव्हरेज मोजावयाचे तेही ह्यामुळे जाऊन-येऊन मोजले पाहिजे. गावातील पंपावर टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, नेहमीचा माल भरून बाजारास जावे, रिकामे परत यावे, आणि त्याच पंपावर गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा काठोकाठ भरावी. एकूण किलोमीटरांस दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. अशा किमान तीन खेपांची सरासरी घ्यावी, आणि प्रत्येक खेपेस मालाचे वजन काट्यावर करून त्याच वहीत नोंदवावे. दोन शेजाऱ्यांजवळ दोन निराळ्या कंपन्यांच्या गाड्या असतील तर दोघांनी एकाच दिवशी, एकाच वाटेने, सारखे वजन घेऊन ही खेप करावी.