व्योम उतरला कुठे?

पुसेगावात माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. वर्ष १९९८. हिंगोली हा जिल्हा व्हायचा होता. तो १ मे १९९९ ला झाला. तोवर आमचा पत्ता परभणी जिल्ह्याचा. गावात संच मोजके, त्यातले बहुतेक कृष्णधवल. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून चौदा इंची संच तिच्यावर चालवायचा. अँटेना लावायला एक जण माळवदावर, दुसरा अंगणात, तिसरा संचापुढे. "आलं, आलं, गेलं" हा त्या काळातला आमचा दळणवळणाचा संकेत.

अशा संचावर माझ्या थोरल्या भावाच्या मुलानं 'कॅप्टन व्योम' पाहिलं. वय नऊ. शेवटच्या भागांच्या वेळी नेमका आमच्याच संचाचा एलओटी जळाला आणि नवा नांदेडहून येईपर्यंत आठवडा गेला. पोरानं मला विचारलं, "काका, व्योम शेवटी कुठं उतरला हो?" मी म्हणालो, "उतरला असेल पृथ्वीवर." त्याला ते पटलं नाही. मलाही नाही.

पुढे चित्रवाणीतल्या विज्ञानकथांविषयी जमेल तिथून टिपणं काढायचा मला नाद लागला. वर्तमानपत्रांची कात्रणं, जिल्ह्याच्या ग्रंथालयातली पुस्तकं, शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेली इंग्रजी आत्मकथनं हेच माझं विद्यापीठ. या लेखात मी त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. प्रश्न एवढाच, की पडद्यावर अंतराळात गेलेला माणूस नंतरच्या आयुष्यात कुठे उतरतो?

लेखक होते, चेहरा नव्हता

मराठी विज्ञानकथा गरीब कधीच नव्हती. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं. नाव पाहून बक्षीस मिळू नये, हा त्यामागचा हेतू. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. दिवाळी अंकांनी तिला दरवर्षी पानं दिली. पण ही सगळी वाचायची गोष्ट होती. वाचणाऱ्याच्या मनात यान उडे, यान चालवणाऱ्याला तोंडावळा नसे.

तोंडावळा दिला दूरदर्शननं. ऐंशीच्या दशकात परदेशी 'स्टार ट्रेक' दाखवली गेली. १९८९ च्या सुमारास 'इंद्रधनुष' ही मुलांची मालिका आली, तिच्यात गिरीश कार्नाड होते. हे कार्नाड जन्मानं माथेरानचे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याच काळात 'स्पेस सिटी सिग्मा'तलं यान आलं. सप्टेंबर १९९७ मध्ये 'शक्तिमान' सुरू झाला आणि गल्लीतली पोरं हात वर करून गोल फिरू लागली. शक्तिमानचं बळ योगसाधनेतून आलेलं होतं, म्हणजे तो आमच्या कीर्तनातल्या सिद्धपुरुषांचाच नातलग. व्योम वेगळा होता. त्याच्यामागे यान होतं, संगणक होते, गणवेश होता, सोबतीला तुकडी होती. 'व्योम' हा शब्दही आम्ही पोथीतच ऐकलेला; पण तो धारण करणारा माणूस मात्र नोकरीवर असलेला अधिकारी होता.

व्योमच्या आधीचा माणूस

हा चेहरा मिलिंद सोमण यांचा. जन्म ४ नोव्हेंबर १९६५, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, मराठी घरात. वडील प्रभाकर सोमण शास्त्रज्ञ, आई उषा सोमण जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. मुलगा सात वर्षांचा असताना कुटुंब इंग्लंडहून मुंबईला आलं आणि दादरला स्थिरावलं. दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावात या मुलाचं पुढचं आयुष्य घडलं. ब्रेस्टस्ट्रोक हा त्याचा प्रकार. ऐंशीच्या दशकात त्यानं राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळवलं आणि १९८४ साली काठमांडूला झालेल्या पहिल्या दक्षिण आशियाई स्पर्धांमध्ये भारताचं प्रतिनिधित्व केलं. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. म्हणजे परिस्थिती थोडी वेगळी असती, तर तोही माझ्यासारखा तारांशी खेळत बसला असता.

तसं झालं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला पोहणं सुटलं, जाहिराती आल्या. १९९५ हे वर्ष निर्णायक ठरलं. त्या वर्षी अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' गाण्याच्या चित्रफितीत तो पेटीतून बाहेर आला आणि घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी 'अ माउथफुल ऑफ स्काय' ही दूरदर्शनवरची इंग्रजी मालिका आली. त्याच वर्षी मधू सप्रे यांच्याबरोबरची बुटांची एक जाहिरात अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात गेली. तो खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. पोरं ज्याला आकाशातला कप्तान समजत होती, तो त्या काळात जमिनीवर कोर्टाच्या तारखांना बांधलेला होता.

यान उडायचं कसं

'कॅप्टन व्योम' केतन मेहता यांची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले, 'भवनी भवाई', 'मिर्च मसाला' करणारे हे दिग्दर्शक. संगणकावर चित्रं हलवण्याचं तंत्र आपल्या देशात रांगत होतं, तेव्हा त्यांनी दूरदर्शनसाठी ही मालिका केली. कथासूत्र सोपं होतं. गुरूच्या एका चंद्रावरच्या तुरुंगातून बारा महागुन्हेगार निसटतात आणि त्यांना पकडायची जबाबदारी व्योमवर येते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. अशा दृश्यांत नट एकरंगी, बहुधा निळ्या वा हिरव्या, पडद्यापुढे उभा राहतो. नंतर यंत्रानं तो रंग तेवढा वेगळा काढायचा आणि त्या जागी संगणकावर काढलेला ग्रह बसवायचा. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्र ६२५ रेषांचं असतं. तेव्हाच्या संगणकाला असं प्रत्येक चित्र हिशेब करून रंगवायला फार वेळ लागे. म्हणून त्या मालिकांतली यानं गुळगुळीत, रिकामी दिसतात आणि नटाच्या कडेला बारीक थरथर दिसते.

गंमत अशी, की ही थरथर रंगीत संचावर जास्त दिसते. आमच्या कृष्णधवल संचावर निळा पडदा आणि काळं आकाश दोन्ही करड्यातच मिसळायचं, आणि उरलेलं काम मुंग्या करायच्या. सिग्नल कमजोर असला की पडद्यावर जो पांढरा-काळा कचरा नाचतो, त्याला आम्ही मुंग्या म्हणतो. त्या मुंग्यांमधून व्योमचं यान आलं, की ते ताऱ्यांमधून आल्यासारखंच वाटे. मुंबईत तयार झालेलं दृश्य आमच्या खेड्यात जास्त खरं होऊन पोहोचत होतं. पुढे मोबाइलवर तेच तुकडे स्वच्छ पाहिले, तेव्हा पुठ्ठा पुठ्ठ्यासारखा दिसला. नट मात्र तसाच राहिला, ताठ आणि मितभाषी. शरीर कसं धरायचं हे त्याला पोहण्यानं शिकवलेलं होतं, ते अभिनयाच्या वर्गातून आलेलं नव्हतं.

भूमिकेचा पिंजरा

अशा भूमिकांचा एक शाप असतो. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक साकारणारे लिओनार्ड निमॉय यांनी १९७५ मध्ये आत्मकथन लिहिलं, त्याचा मथळा 'मी स्पॉक नाही' अशा अर्थाचा. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, दुसरं लिहिलं. त्याचा मथळा 'मी स्पॉक आहे'. या दोन मथळ्यांमध्ये एका नटाचं अख्खं आयुष्य आहे. त्यांचे सहकारी विल्यम शॅटनर यांना तर ऑक्टोबर २०२१ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, खरोखरच अवकाशाच्या सीमेवर जाऊन येता आलं. भूमिका त्यांना शेवटी तिथंवर घेऊन गेली.

सोमण यांना हा पिंजरा लागला नाही. एक कारण उघड आहे. अमेरिकेत जुन्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवल्या जातात, त्यांचे मेळावे भरतात. आमच्याकडे मालिका संपली की संपली. दुसरं कारण त्यांच्या स्वभावात असावं. २०२० मध्ये रूपा पै यांच्यासह लिहिलेल्या आत्मकथनाचं नाव त्यांनी गाण्यावरून ठेवलं, व्योमवरून नाही.

उत्तरार्ध

पोहणं सुटल्यावर मधे बरीच वर्षं गेली आणि अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते धावायला लागले. २०१२ मध्ये पर्यावरणजागृतीसाठी दिल्ली ते मुंबई, सुमारे १,५०० किलोमीटर, ३० दिवसांत. त्याच वर्षी स्त्रियांसाठीची 'पिंकेथॉन' ही धाव त्यांनी सुरू केली. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची 'आयर्नमॅन' स्पर्धा. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं त्यांनी एका दमात, १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केलं. २०१७ मध्ये फ्लोरिडाची 'अल्ट्रामॅन' स्पर्धा, तीन दिवसांत ५१७.५ किलोमीटर, त्यातलं धावणं अनवाणी.

इथं आमच्या भागातला वाचक हसेल, आणि त्याचं हसणं मला मान्य आहे. आमच्याकडं अनवाणी चालणं हा पराक्रम नव्हे. जिथं संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात ते नरसी आमच्याच जिल्ह्यात. पंढरीची वाट पायी तुडवणाऱ्या म्हाताऱ्यांची कुणी वेळ मोजत नाही. शेतात अनवाणी जाणाऱ्याला कुणी पदक देत नाही. तरी मला एक फरक दिसतो. आम्ही गरजेनं आणि श्रद्धेनं चालतो. पन्नाशीनंतर शरीर थकणारच, हे गृहीत धरून चालतो. सोमण ते गृहीतच तपासून पाहतात. विज्ञानकथा दुसरं काय करते? 'असं झालं तर?' असा प्रश्न विचारून शेवटपर्यंत जाते. शास्त्रज्ञाच्या या मुलानं तो प्रश्न पुढे स्वतःच्या देहाला विचारला, असं मी मानतो.

माझ्या मते त्यांचं उत्तम काम मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. २००९ मधला सचिन कुंडलकर यांचा मराठी चित्रपट 'गंध'. त्यातल्या 'औषध घेणारा माणूस' या कथेत सोमण एचआयव्हीबाधित माणूस झाले आहेत. ज्या देहाकडे सगळा देश पाहत होता, तो तिथं औषधांच्या वेळांवर जगणारा, एकटा पडलेला देह आहे. पुढे २०१३ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'संहिता'तही ते होते. 'गंध' पाहताना मला पहिल्यांदा वाटलं, की व्योम जमिनीवर उतरला तो इथं.

आमच्या माळावर

हा लेख इथं संपला असता. पण पुसेगावात बसून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आत लेझर किरण. अब्जावधी वर्षांपूर्वी आदळलेल्या कृष्णविवरांची लाट इथवर आली, की भुजेची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलेल, आणि हे यंत्र तेवढाही बदल टिपेल. नारळीकरांची पहिली विज्ञानकथा कृष्णविवरावरच होती. २० मे २०२५ रोजी ते गेले. कृष्णविवराची हालचाल टिपणारं यंत्र आमच्या माळावर चालू झालेलं पाहायला ते नाहीत.

माझा पुतण्या आता छत्तीस वर्षांचा आहे. शेतपंपांना सौरऊर्जा जोडून देतो. परवा त्याच्या गाडीवर मागं बसून औंढ्याला गेलो होतो. वाटेत त्याला हा लेख तोंडी सांगितला. १९९८ मधला प्रश्न त्याला आठवत नव्हता. बॅटरीवरचा संच आणि मुंग्या तेवढ्या आठवत होत्या. मग थोडं पुढं गेल्यावर गाडी हळू करून म्हणाला, "काका, तेव्हा वाटायचं, हे सगळं लांब कुठंतरी घडतं. आपल्याकडं नाही."

मी त्याला म्हणालो, "मलाही तसंच वाटायचं."