सेकंडहँड पिकअप घेताय? आधी खाली वाका!

जुनी बोलेरो पिकअप घेऊन वर्ष झालं. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या मार्केटला जाणं, हे तिचं मुख्य काम. इंजिनाबद्दल सगळेच विचारतात. माझं म्हणणं, आधी मागचे पाटे बघा. सतत ओव्हरलोड चाललेल्या गाडीचे पाटे सपाट पडतात, एखादं पान तडकलेलं असतं, गाडी एका अंगाला झुकते. नव्या रंगाने हे झाकता येत नाही. पाटे कडक असल्याने रिकामी गाडी खड्ड्यात उडते. माल भरला की मात्र कशी शहाण्यासारखी चालते! प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला वेळेवर ग्रीस मारा. क्लच सोडताना खालून ‘टक्’ वाजलं, तर क्रॉस ढिला झालाय का ते लगेच तपासा.

कागदांचं थोडक्यात: गाडी नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, जुन्या कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी. फिटनेस गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. भारासकट एकूण वजन 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही.

एसी? खिडकी उघडा की राव!